सिलिकॉन मॉड्यूलच्या उत्पादनाचा डेटाबेस: एक्सेलमधून बाहेर कसं पडावं?

तारजोड

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

आमच्या गटाकडे कणभौतिकीतल्या एका प्रयोगासाठी सिलिकॉन स्ट्रिप मॉड्यूल, म्हणजे कणांचा मार्ग टिपणारे शोधक, बनवायचं काम आहे. एकूण ७०० च्या आसपास, तीन प्रयोगशाळांत मिळून. एकीकडे सेन्सर तपासले जातात. दुसरीकडे हायब्रिड, म्हणजे चिपा बसवलेलं लवचीक सर्किट, तयार होतं. आमच्याकडे तो हायब्रिड सेन्सरवर गोंदाने चिकटवतात, मग वायरबाँडिंग (बारीक तारांनी दोन्ही जोडणं) आणि शेवटच्या चाचण्या. आजवर सगळा कारभार एक्सेलवर, १४ फायलींत. त्यातल्या दोघींच्या नावात 'फायनल' आहे आणि एकीच्या नावात 'फायनल_खरंच'.

गेल्या महिन्यात थंड-गरम चक्रातून बाहेर काढलेल्या एका मॉड्यूलचा हायब्रिड कोपऱ्यात उचलला गेलेला दिसला. पहिला प्रश्न अर्थातच, हीच गोंदाची खेप आणखी कुठे वापरली? उत्तर शोधायला अडीच दिवस लागले. गोंदाच्या रकान्यात काही ओळींत खेप क्रमांक, काहींत तारीख आणि सलग ३१ ओळींत 'नेहमीचाच'. हायब्रिडचे क्रमांक तर एक्सेलनेच गिळलेत. १२ई०७ असा क्रमांक टंकला की त्याला ती घातांकातली संख्या वाटते आणि तो बारा कोटी करून ठेवतो.

तर आता डेटाबेस करायचं ठरलंय. करणार मी आणि एक अर्धवेळ सहकारी. पायथन बऱ्यापैकी येतं, पोस्टग्रेस (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) कामापुरतं. टेबलं आखायला बसले आणि तिसऱ्याच दिवशी गाडी अडली. पॉवर बोर्डच्या (मॉड्यूलला वीज पुरवणाऱ्या पट्टीच्या) टेबलात 'कुठल्या मॉड्यूलवर' असा रकाना ठेवला होता. त्याच आठवड्यात एका मॉड्यूलचा बिघडलेला बोर्ड काढून नवा लावावा लागला. रकाना बदलला आणि जुन्या बोर्डावर ज्या चाचण्या झाल्या त्या नेमक्या कशावर झाल्या, याचा पुरावाच गेला. चाचण्यांचंही तसंच. दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवी चाचणी सुचवतं, प्रत्येक वेळी नवं टेबल करायचं का?

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

दोन_पैसे

बाजारात कारखान्यांसाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं की. चाकाचा शोध पुन्हा कशाला?

तारजोड

@दोन_पैसे, दोन बघितली. कारखान्याची सॉफ्टवेअर एकच वस्तू एकाच पद्धतीने लाखोंनी करायची असं धरून चालतात. आमच्याकडे पन्नासाव्या मॉड्यूलला पद्धत बदलते. शिवाय त्यात चाचणीचा निकाल म्हणजे 'पास' किंवा 'नापास'. आम्हाला मोजमापाचा अख्खा वक्र हवा असतो.

जुना_खोका

धागा वाचून आमचे जुने दिवस आठवले, तेव्हा जरा लांबण लावतो.

तुम्ही ज्या खड्ड्यात पडलात त्यात पडलेल्या तुम्ही पहिल्या नव्हेत. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगातला विद्युतचुंबकीय कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारं यंत्र, घ्या. त्यात लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत, प्रत्येक साधारण वीतभर लांब आणि किलोहून जड. मुख्यतः रशियातून आणि काही चीनमधून यायचे. प्रत्येकावर बारकोड. केंद्रात आल्यावर यंत्रावर लांबी-रुंदी, पारदर्शकता, प्रकाश किती देतो हे मोजलं जायचं आणि मग कुठला स्फटिक कुणाशेजारी बसवायचा ते ठरायचं. हे काम जवळपास दहा वर्षं चाललं. या सगळ्यासाठी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'क्रिस्टल' नावाची प्रणाली लिहिली. तिच्यातली कल्पना मला आजही पटते. स्फटिक, कॅप्सूल (स्फटिकाला लावायचा प्रकाश-संवेदक), अमुक मोजमाप असे प्रकार त्यांनी प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवले नाहीत. 'वस्तूचा प्रकार म्हणजे काय, त्यावर कुठल्या क्रिया कुठल्या क्रमाने करायच्या' हे वर्णन स्वतःच डेटाबेसमध्ये नोंद म्हणून ठेवलं, आवृत्तीसकट. पद्धत बदलली की वर्णनाची नवी आवृत्ती. जुने स्फटिक जुन्या आवृत्तीला बांधलेले, नवे नव्या. दहा वर्षांत काय काय बदलेल हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलं होतं.

आता तुमच्या ७०० मॉड्यूलना एवढा डोलारा नको. पण त्यातून दोन गोष्टी उचला.

पहिली म्हणजे भागाची 'सध्याची स्थिती' हा रकाना मुळात ठेवूच नका. घटना लिहा. आला, तपासला, चिकटवला, पाठवला, पोचला, पडला. हो, 'पडला' हीसुद्धा घटना आहे, आणि ती लिहिणाऱ्यावर कुणी ओरडायचं नाही हा नियम आधी करा, नाहीतर ती कधीच लिहिली जाणार नाही. आज भाग कुठे आहे हे शेवटच्या घटनेवरून काढता येतं. उलट दिशेने, आजच्या स्थितीवरून कालचं काही काढता येत नाही.

दुसरी म्हणजे ओळ पुसायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही. चूक झाली तर 'अमुक नोंद रद्द, कारण हे' अशी नवी नोंद. हिशेबाच्या वहीत खोडरबर चालत नाही, तसंच.

अर्धवाहक

खोकाकाका, घटनांबद्दल शंभर टक्के सहमत. 'वर्णन म्हणजेच डेटा' या प्रकाराला मात्र माझा कडाडून विरोध.

असलं काहीतरी मी एकदा वारशात घेतलंय. सगळं एकाच टेबलात: वस्तू, गुणधर्माचं नाव, किंमत. लवचीक म्हणून कौतुक व्हायचं. प्रत्यक्षात 'जाडी' हा गुणधर्म चार नावांनी नोंदलेला निघाला, एकदा स्पेलिंग चुकवून. किमतीचा रकाना मजकुराचा, त्यामुळे त्यात ३२०, ३२० मायक्रॉन, ०.३२ आणि 'ठीक' असं सगळं सुखाने नांदत होतं. साधी सरासरी काढायला पानभर क्वेरी लागायची. लवचीकपणा म्हणतात तो प्रत्यक्षात हाच. डेटाबेसने पकडायच्या चुका माणसाच्या गळ्यात मारणं.

माझं मत असं. जे बदलणार नाही ते पक्क्या टेबलांत: भाग, भागाचे प्रकार, घटना, कोण कशाला जोडलंय, कुठल्या जागी आहे, कुणी केलं. चाचण्यांचं एकच टेबल, त्यात कुठल्या भागावर, कुठली चाचणी, कुठली आवृत्ती, कधी, कुणी. निकाल जेसनबी रकान्यात, म्हणजे ज्यात हवी तशी नाव-किंमत रचना मावते अशा. चाचणीच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक साचा ठेवायचा आणि निकाल आत घेतानाच त्या साच्याशी ताडून बघायचा. एकक नाही? परत पाठवा. तापमान नाही? परत पाठवा. नवी चाचणी आली की नवा साचा येतो, नवं टेबल करावं लागत नाही.

जुना_खोका

@अर्धवाहक, अरे बाळा, साचा डेटाबेसमध्ये आवृत्तीसकट ठेवलास म्हणजे वर्णन डेटा म्हणूनच ठेवलंस ना?

अर्धवाहक

😀 बरं. पण माझं वर्णन चाचण्यांपुरतं. काका अख्ख्या जगाचं मांडायला निघालेत.

हातमोजे

मी टेबलं वगैरे आखत नाही, स्वच्छ खोलीत काम करणारी बाई आहे. तुमचा डेटाबेस कितीही शहाणा असला तरी त्यात टंकणारी मी आहे, म्हणून चार शब्द.

आमच्याकडे मोठ्या हौसेने बारकोड वाचक आणला. तो संगणकाला कळफलक म्हणूनच दिसतो, म्हणजे जे वाचतो ते कुणीतरी भराभर टंकल्यासारखं उमटतं. आता कर्सर कुठे आहे ते त्याला काय ठाऊक? शेरा लिहायच्या चौकटीत कर्सर राहिला होता. सकाळभर मी मॉड्यूल वाचत गेले आणि सगळे क्रमांक एकाच मॉड्यूलच्या शेऱ्यात ओळीने जाऊन बसले. प्रत्येक कोडनंतर तो एंटरही मारतो. फॉर्ममध्ये एंटर म्हणजे 'जतन करा'. अर्धवट फॉर्म जतन.

याहून भारी किस्सा पुढे. एके दिवशी क्रमांकाच्या जागी 'अआऊ' असं यायला लागलं. सगळे चक्रावले. वाचक बदलला, केबल बदलली, स्टिकर पुन्हा छापले. शेवटी कळलं की दुपारी कुणीतरी मराठीत शेरा लिहिला होता आणि कळफलक इन्स्क्रिप्टवरच राहिला होता. आमचे क्रमांक डी-ई-टी ने सुरू होतात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून त्याच तीन कळा दाबल्या की अ, आ, ऊ. वाचक बिचारा बरोबर कळा दाबत होता! (जर्मन कळफलक असलेल्या एका पाहुण्याने सांगितलं की त्यांच्याकडे वाय आणि झेड यांची अदलाबदल होते. म्हणजे आपलं त्या मानाने लवकर लक्षात आलं म्हणायचं.)

मग फॉर्म लिहिणाऱ्या मुलाने दोन गोष्टी केल्या. वाचकाला कोडच्या आधी एक ठरावीक खूण पाठवायला लावली. ती खूण दिसली की पान समजतं, हा वाचक आहे, माणूस नाही, आणि कर्सर कुठेही असो, क्रमांक योग्य जागीच टाकतं. दुसरं म्हणजे क्रमांक वाचल्या वाचल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात त्या भागाचं नाव आणि त्याची शेवटची घटना दिसते. त्यामुळे चुकीचा भाग हातात असला तर मला तिथल्या तिथे कळतं.

आणि कृपा करून ड्रॉपडाउनमध्ये ४० नावं देऊ नका. दुहेरी हातमोजे घालून उंदीर चालवून बघा एकदा.

तारजोड

@हातमोजे, 'अआऊ' वाचून खुर्चीतून पडायची बाकी होते. वाचकाची खूण ही युक्ती आजच उचलली.

@अर्धवाहक, साच्याचं पटलं. पण जोडणीचं काय? पॉवर बोर्ड काढून दुसरा लावला, हे कसं लिहू?

अर्धवाहक

हा खरा गाभा आहे. भागाच्या ओळीत पालक, म्हणजे तो ज्यावर बसलाय तो मोठा भाग, लिहायचा नाही. जोडणीचं वेगळं टेबल करा: मूल, पालक, जागा आणि कालावधी. कालावधी म्हणजे कधीपासून कधीपर्यंत. अजून जोडलेलं असेल तर शेवट मोकळा.

पोस्टग्रेसमध्ये ९.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, कालावधी हा स्वतंत्र प्रकारच आहे. त्यावर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट लावा: एकाच मुलाचे दोन कालावधी एकमेकांवर चढता कामा नयेत. (बीट्री-जिस्ट नावाचं एक्स्टेन्शन चालू करावं लागेल.) मग एकच बोर्ड एकाच वेळी दोन मॉड्यूलवर असल्याची नोंद कुणी करायला गेलं की डेटाबेसच नाही म्हणतो. ही तपासणी पायथनमध्ये करू नका. तीन प्रयोगशाळांतून दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की पायथनमधली तपासणी दोघांनाही हो म्हणते.

तसंच कन्स्ट्रेंट पालक आणि जागा यांवरही लावा. चिपेच्या पाचव्या जागी दोन चिपा बसत नाहीत. एक खबरदारी म्हणजे कालावधीची सुरुवात धरायची आणि शेवट वगळायचा. नाहीतर दुपारी तीनला काढलेला आणि तीनलाच लावलेला असे दोन बोर्ड एका क्षणापुरते भांडत बसतात.

'या मॉड्यूलमध्ये २० मार्चला काय काय होतं' हे रिकर्सिव्ह क्वेरीने (मुलांची मुलं, त्यांची मुलं असं खोल शोधणाऱ्या) मिळतं. उलटंही: ही चिप कुठल्या वेफरवरची (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिपा कापतात ती), आणि त्या वेफरच्या बाकीच्या चिपा आज कुठे आहेत.

गोंदाचं वेगळं. गोंद हा क्रमांक असलेला भाग नाही, खेप आहे. एक नळी पन्नास मॉड्यूलना पुरते. तिला 'मूल' करू नका. चिकटवण्याच्या घटनेला खेप जोडा. तारेच्या रिळाचंही तेच.

बर्फाखाली

क्रमांकांवरून आठवलं म्हणून थोडं अवांतर. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो शोधणाऱ्या प्रयोगात बर्फात पुरलेले ५,१६० प्रकाश-संवेदक आहेत, ८६ दोऱ्यांवर, १,४५० ते २,४५० मीटर खोल. शेवटची दोरी डिसेंबर २०१० मध्ये उतरली. एकदा छिद्रातलं पाणी गोठलं की संवेदक परत काढता येत नाही, पुढचं सगळं फक्त नोंदींच्या जिवावर. त्यातल्या प्रत्येकाला मदरबोर्डचा १२ अंकी षोडशमान क्रमांक तर आहेच, शिवाय माणसांना बोलता यावं म्हणून स्वतःचं एक नावही आहे. मला हे फार आवडतं. फोनवर बारा अक्षरं कोण वाचून दाखवणार? तुम्हीही मॉड्यूलना नावं द्या.

दुसरं, 'कुठे आहे' आणि 'कोण आहे' यांची गल्लत करू नका. सुपर-कामिओकांदे या जपानमधल्या न्यूट्रिनो प्रयोगात नोव्हेंबर २००१ मध्ये टाकीत पाणी भरताना एक प्रकाशनळी फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची, असं करत ११,१४६ पैकी निम्म्याहून जास्त नळ्या गेल्या. उरलेल्या नळ्या पुन्हा अख्ख्या टाकीभर वाटून बसवल्या आणि २००२ च्या अखेरीस प्रयोग पुन्हा सुरू केला. जागेच्या क्रमांकालाच नळीची ओळख मानणाऱ्याने अशा वेळी काय केलं असतं?

जुना_खोका

नावांना अनुमोदन. क्रमांकात मात्र अर्थ कोंबायचा मोह आवरा. सर्नच्याच ॲटलास प्रयोगाच्या नव्या ट्रॅकरचे (कणांचा मार्ग टिपणाऱ्या भागाचे) क्रमांक १४ अक्षरी आहेत आणि त्यात प्रकल्प, उपविभाग, भागाचा प्रकार असं सगळं ओळीने येतं. तिथे फक्त स्ट्रिपचीच १८ हजारांच्या घरात मॉड्यूल आणि जगभर पसरलेल्या संस्था, त्यांना ते परवडतं, कारण नियम पाळायला माणसं आहेत. लहान गटात 'तिसरं अक्षर म्हणजे प्रयोगशाळा' असं ठरवलं की पहिला सेन्सर दुसऱ्या प्रयोगशाळेत हलला त्या दिवसापासून क्रमांक खोटं बोलायला लागतो.

अर्धवाहक

+१. आणि शेवटी एक तपास-अक्षर ठेवा, म्हणजे बाकीच्या अक्षरांवरून हिशेबाने काढलेलं, टंकताना चूक झाली की न जुळणारं. हाताने टंकायची वेळ कधी ना कधी येतेच, स्टिकर खरवडलं जातं. आय, एल, ओ ही अक्षरं वगळा, म्हणजे एक आणि शून्याशी घोळ होत नाही. ई सुद्धा वगळा, बारा कोटींची आठवण म्हणून.

दोन_पैसे

ई वगळायचं म्हणजे एक्सेलपुढे शरणागतीच झाली.

बर्फाखाली

हसू नका, जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये हेच केलं. मार्च-१, सेप्ट-१ ही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलायचा. शेवटी नावंच बदलली.

गळका_प्रवाह

सगळे भागांबद्दल बोलताय, मोजमापांबद्दल मी बोलतो.

सेन्सरची मुख्य चाचणी म्हणजे उलटा व्होल्टेज वाढवत गळती प्रवाह मोजणे. @तारजोड, तुमच्या एक्सेलमध्ये तापमानाचा रकाना आहे का? नसेल तर ती मोजमापं शोभेची आहेत. सिलिकॉनचा गळती प्रवाह खोलीच्या तापमानाच्या आसपास दर ७-८ अंशांना दुप्पट होतो. २० अंशांना १०० नॅनोअँपिअर गळणारा सेन्सर २८ अंशांना २०० गळेल. म्हणजे वातानुकूलन बंद पडलेल्या दुपारी मोजलेला चांगला सेन्सर आणि थंड सकाळी मोजलेला वाईट सेन्सर कागदावर सारखेच दिसतील.

त्यामुळे सगळे जण २० अंशांना आणून लिहितात. आणून लिहा, पण फक्त तेच लिहू नका. त्या सूत्रात सिलिकॉनच्या ऊर्जा-अंतराचा आकडा लागतो. जुने लोक १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरायचे, आता १.२१ धरतात. तुमच्या तीन प्रयोगशाळांपैकी एकीने जुना धरला असेल आणि कच्चं मोजमाप कुठेच नसेल, तर पुढे काहीही सुधारता येणार नाही. म्हणून यंत्रातून निघालेली फाइल जशीच्या तशी जपा, तिचा शा-२५६ (फाइलीत काहीही बदललं की बदलणारा ठसा) डेटाबेसमध्ये ठेवा, आणि काढलेले आकडे वेगळे, कुठल्या प्रोग्रॅमच्या कुठल्या आवृत्तीने काढले त्यासकट.

आर्द्रताही लिहा. दमट हवेत काही सेन्सर लवकर कोलमडतात आणि कोरड्या कपाटात दोन दिवस ठेवले की शहाण्यासारखे वागतात. नोंद नसेल तर चांगला सेन्सर नापास म्हणून पडून राहतो.

एककाचं एक सांगतो, माझ्याच हातून झालेलं. यंत्र अँपिअरमध्ये द्यायचं, मी नॅनोअँपिअर समजून आत घेत होतो. आलेखावर सगळे सेन्सर शून्यावर झोपलेले. तीन आठवडे आम्ही 'काय उत्तम खेप आली आहे' म्हणून खूश होतो.

वाचनमात्र

वाचतेय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

हातमोजे

@गळका_प्रवाह, तापमान मी हाताने लिहायचं का? तसं असेल तर मी कायम २१ लिहीन, आधीच सांगते. 😀

गळका_प्रवाह

छे, संवेदक जोडा आणि प्रोग्रॅमनेच वाचू द्या. माणसाने लिहिलेलं तापमान नेहमी २१ च असतं, यावर माझा गाढ विश्वास आहे.

तारजोड

तीन प्रयोगशाळा, एक डेटाबेस, आणि एका ठिकाणचं इंटरनेट अधूनमधून जातं. स्थानिक प्रती ठेवून नंतर जुळवायच्या का?

अर्धवाहक

नको. दोन प्रती जुळवणं हा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तो तुम्ही दोघं पूर्ण करणार नाही. डेटाबेस एकच ठेवा. जिथे नेट जातं तिथे फॉर्मने नोंद स्थानिक फाइलमध्ये रांगेत ठेवावी आणि नेट आल्यावर पाठवावी. घटनाच लिहिताय, त्यामुळे उशिरा पोचल्या तरी बिघडत नाही. फक्त प्रत्येक घटनेला दोन वेळा हव्यात, घडली कधी आणि डेटाबेसला कळली कधी. दोन्ही यूटीसीत, म्हणजे सगळीकडे एकच असलेल्या जागतिक वेळेत. आणि प्रत्येक नोंदीला तिथेच एक अद्वितीय ओळख द्या, म्हणजे रांग दोनदा पाठवली गेली तरी नोंद दोनदा होणार नाही.

जुना_खोका

प्रवासही जागाच धरा. 'पाठवला' आणि 'पोचला' यांच्या मधे भाग कुठल्याच प्रयोगशाळेत नसतो, तो खोक्यात असतो. खोक्यालाही क्रमांक द्या. आमच्या एका खोक्यात २४ भाग निघाले आणि २३ पोचले. चोविसावा पाठवणाऱ्याच्याच कपाटात होता, पण यादी हाताने केलेली असल्याने दोन्हीकडे सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

तारजोड

पाच आठवड्यांनी परत आलेय. बरंच झालं, थोडं राहिलं.

भाग, जोडणी, घटना, चाचण्या, खेपा, जागा, खोकी, माणसं, एवढीच टेबलं. जोडणीवर अर्धवाहक यांनी सांगितलेली दोन्ही कन्स्ट्रेंट. आधी एक्सेलमधलं जुनं आत घेतलं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी रंग दाखवला. एकच हायब्रिड दोन मॉड्यूलवर असल्याचं चार ठिकाणी निघालं. तीन ठिकाणी टंकताना झालेली चूक. चौथ्या ठिकाणी खरोखर दोन हायब्रिडवर एकच स्टिकर होतं, कारण छपाईयंत्रातला कागद अडकला तेव्हा तेच पान पुन्हा छापलं गेलं होतं. ते मॉड्यूल वर्षभर आमच्या कपाटात होतं, कुणाला पत्ता नाही.

'नेहमीचाच' वाल्या ३१ ओळींचं काय करायचं यावर आमच्यात भांडण झालं. सहकारी म्हणाला, तारखांवरून अंदाजाने खेप भरू. मी नाही म्हटलं. शेवटी 'माहीत नाही' ही एक रीतसर खेप केली आणि अंदाज वेगळ्या शेऱ्यात ठेवला. अंदाज एकदा रकान्यात गेला की वर्षभराने तो खरा होऊन बसतो.

आणि आता मूळ गोष्ट. दरम्यान उचललेल्या कोपऱ्याचे आणखी दोन मॉड्यूल सापडले. डेटाबेसला विचारलं, तिघांत काय समान? गोंदाची खेप समान नाही! तीन मॉड्यूल, दोन खेपा. अडीच दिवस मी जे शोधत होते ते शोधून उपयोगच नव्हता. मग घटनांच्या वेळा बघितल्या. ही तिन्ही नव्या पद्धतीने नोंदलेली नव्हती, पण सुदैवाने वजनकाट्याची फाइल आणि चिकटवण्याच्या यंत्राची फाइल दोन्ही वेळेसकट सापडल्या, त्या घटना म्हणून आत घेतल्या. गोंदाचे दोन भाग कालवल्यापासून लावेपर्यंत किती मिनिटं गेली ते काढलं. बहुतेक मॉड्यूलना १० ते ३५ मिनिटं. ही तिन्ही आपापल्या दिवसातली शेवटची, ५० मिनिटांच्या पुढची. तोवर गोंद घट्ट व्हायला लागलेला असतो, सांडत नाही, छान वागतो, फक्त नीट पसरत आणि चिकटत नाही. ५० च्या पुढची एकूण नऊ मॉड्यूल निघाली, बाकीची सहा आता सूक्ष्मदर्शकाखाली आहेत.

म्हणून आता कालवणं ही वेगळी घटना केली. गोंदाच्या प्रत्येक कपाला क्रमांक. चिकटवायच्या आधी कप वाचायचा, ४० मिनिटं उलटली असतील तर पडदा लाल.

अडचण अशी की कपाला स्टिकर टिकत नाही. लहान प्लास्टिकचे कप, वरून जरा मेणचट, आणि गोंद कालवताना हातात फिरवावे लागतात. स्टिकर निघून यंत्रावर चिकटलेलं सापडतं. काय करावं?

दोन_पैसे

झाकणाला लावा की.

हातमोजे

झाकण दुसऱ्या कपावर जातं.

अर्धवाहक

कप ठेवायचा स्टँड असेल तर त्याच्या खाचेला क्रमांक द्या. कप उचलला की खाच वाचायची.

हातमोजे

आणि कप परत दुसऱ्या खाचेत ठेवला की? मी ठेवणार, सांगून ठेवते. त्यापेक्षा कालवायच्या आधी, कप रिकामा आणि कोरडा असताना, तळाला बाहेरून लेसरने कोरून घ्या. आमच्याकडे शंभर कप एकदम कोरून आणतो. वाचकावर कप नुसता ठेवायचा, खालून वाचतो.

तारजोड

@हातमोजे, खालून वाचणारा वाचक! तो पूर्वसूचक खूण पाठवतो का तेवढं सांगा, म्हणजे उद्याच मागणी टाकते.